तीन बोटांचा खाल्किदिकी

प्रश्न : धाकटा मुलगा बोटीवर आहे. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी बंदरातून त्याने नकाशाचा फोटो पाठवला. समुद्रात जमिनीची तीन बोटं सोडून बसलेला खाल्किदिकी हा जिल्हा म्हणायचा का? आणि तिथल्या इतक्या गावांना ‘नेआ’ कशासाठी?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : ताई, ‘नेआ’ म्हणजे नवी! नव्या मुंबईकरणीला हे मी सांगायचं म्हणजे गंमतच. १९२३ साली ग्रीस-तुर्कस्तानात लोकसंख्येची अदलाबदल ठरली. त्या धामधुमीत तुर्कस्तानातल्या, मार्मारा समुद्राकाठच्या मुदान्याहून उठलेली माणसं जिथं वसली, ते नेआ मूदानिया. आपल्याकडे वाशी, नेरूळ, तुर्भे ही नावं जागच्या जागी राहिली, माणसं बाहेरून आली. तिकडे माणसांनी गावाचं नावच गाठोड्यात बांधून आणलं.

खाल्किदिकी जिल्हा होता, पण २०११ च्या फेररचनेत जिल्हा प्रशासनं गेली. आता तो मध्य मॅसेडोनिया प्रांताचा एक विभाग. पाच नगरपालिका, वस्ती जेमतेम लाखभर. मुख्य गाव पोलीगिरोस, तेही किनाऱ्यावर नाही, आत डोंगरात.

कासांद्रा आणि सिथोनिया ही दोन बोटं या विभागातली. तिसऱ्याची गोष्ट न्यारी. २,०३३ मीटर उंचीचा आथोस पर्वत तिथंच, वीस मठ, कारभार स्वायत्त. बायकांना पाऊल टाकायला बंदी, आजही. म्हणजे लेकाला भेटायला गेलात, तर तो तिथं उतरेल आणि तुम्ही लाँचमधून लांबूनच मठ बघायचे.