पापण्या मऊ, कानशिलावरचे केस मात्र स्पष्ट

वाचकांचे प्रश्न : छायाचित्रण

प्रश्न : माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर कॅमेरा आहे. आजीची छायाचित्रे काढण्यासाठी मी ५० मिमी एफ १.८ ही प्राइम (झूम नसलेली) लेन्स घेतली. मधला फोकस पॉइंट तिच्या डोळ्यावर ठेवून, शटरचे बटण अर्धे दाबून मी फोकस धरतो, मग चौकट जुळवतो आणि फोटो घेतो. तरीही दीड मीटरवरून काढलेल्या बहुतेक फोटोंत पापण्या मऊ, म्हणजे किंचित धूसर येतात आणि कानशिलावरचे पांढरे केस मात्र एकेक मोजता यावेत इतके स्पष्ट दिसतात. १८-५५ मिमीच्या लेन्सवर असे कधी झाले नाही. माझ्या मित्राने याच लेन्ससाठी त्याच्या कॅमेऱ्यात एएफ फाइन-ट्यूनचा, म्हणजे ऑटोफोकस किंचित पुढे-मागे सरकवण्याच्या सोयीचा, आकडा उणे ८ ठेवला आहे. मीही तोच ठेवावा का? – एक वाचक, सातारा

उत्तर : मित्राचा आकडा घेऊ नका. तो त्याच्या कॅमेऱ्याची आणि त्याच्या लेन्सची जोडी जुळवण्यासाठी आहे. मॉडेल तेच असले, तरी तुमची जोडी वेगळी आहे आणि तिचा आकडा उणे ३ निघेल, अधिक ५ निघेल किंवा शून्यही निघेल.

असे का, हे समजण्यासाठी डीएसएलआरच्या आत पाहावे लागते. लेन्समधून आलेला बहुतेक प्रकाश आरशावरून वर व्ह्यूफाइंडरकडे जातो, पण थोडा प्रकाश आरशाच्या अर्धपारदर्शक भागातून आरपार जाऊन मागच्या छोट्या आरशावर पडतो आणि तिथून खाली, तळाशी बसवलेल्या फोकस मोजणाऱ्या सेन्सरकडे वळतो. म्हणजे फोकस मोजला जातो एका ठिकाणी आणि चित्र उमटते दुसऱ्या ठिकाणी. या दोन वाटांची लांबी तंतोतंत सारखी असेल, तरच मोजलेला फोकस चित्रातही खरा ठरतो. कानशिलावरचे केस डोळ्याच्या चार सेंटिमीटर मागे आहेत असे धरले, तर दीड मीटरवर ५० मिमीच्या लेन्ससाठी सेन्सरच्या बाजूला हा फरक एका मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग भरतो. जुळणीत एवढासा फरक राहणे अगदी शक्य आहे आणि त्यावरून तुमची लेन्स सदोष ठरत नाही.

१८-५५ च्या लेन्सवर हा फरक दिसला नाही, याचे कारण तिचे अ‍ॅपर्चर आहे. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा जितका मोठा, तितके ते लहान. एपीएस-सी सेन्सरवर, ५० मिमीला, दीड मीटरवर एफ ५.६ ठेवले तर सुमारे १९ सेंटिमीटर खोलीपर्यंत सगळे स्पष्ट दिसते. त्यात चेहरा पूर्ण सामावतो आणि चूक झाकली जाते. एफ १.८ ला हीच खोली सहा सेंटिमीटरच्या आसपास उरते, म्हणजे फोकसच्या प्रतलाच्या (ज्या अंतरावर फोकस धरला त्या सपाट पातळीच्या) पुढे तीन आणि मागे तीन.

मात्र मेनू उघडण्याआधी तुमच्या सवयीकडे पाहणे आवश्यक आहे. फोकस धरून झाल्यावर चौकट जुळवण्यासाठी तुम्ही कॅमेरा वळवता, तेव्हा फोकसचे प्रतलही त्याच्याबरोबर वळते. डोळा चौकटीच्या कडेजवळ यावा म्हणून कॅमेरा १२ अंश वळवला, तर दीड मीटरवर ते प्रतल डोळ्याच्या तीन सेंटिमीटरहून थोडे अधिक मागे सरकते, म्हणजे तुमच्या हाती असलेली पुढची सवलत तिथेच संपते. त्यातच आजी बोलताना किंचित पुढे झुकल्या किंवा तुम्ही नकळत पुढे झुकलात, की पापण्या मऊ येणारच. यासाठी पहिली दुरुस्ती फुकटची आहे : मधल्या पॉइंटऐवजी डोळ्याच्या जवळचा पॉइंट निवडा आणि कॅमेरा न वळवता फोटो घ्या. कडेचे पॉइंट मधल्याइतके तीक्ष्ण नसतात हे खरे. पण खिडकीच्या चांगल्या प्रकाशात ते आपले काम करतात. शटरचा वेगही १/२०० सेकंदाच्या खाली आणू नका, कारण हलल्यामुळे आलेला मऊपणा आणि फोकस चुकल्यामुळे आलेला मऊपणा यांत पुष्कळांची गल्लत होते.

एवढे करूनही केसच स्पष्ट येत असतील, तर चाचणी घ्यावी. बाजारात यासाठी तक्ते मिळतात, पण घरच्या सामानात काम भागते. एका सपाट, ताठ खोक्यावर वर्तमानपत्राचे पान चिकटवा आणि ते कॅमेऱ्याला अगदी समांतर उभे करा. त्याच्या शेजारी एक पट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा, अशी की तिची मधली खूण पानाच्या प्रतलात येईल. फोकस नेहमी पानावर धरायचा, पट्टीवर कधीही नाही. कारण व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा फोकसचा प्रत्यक्ष टापू बहुधा मोठा असतो आणि तिरक्या पट्टीवर कॅमेरा नेमकी कोणती खूण पकडेल याचा भरवसा नसतो. महाजालावरच्या पुष्कळ चाचण्या इथेच फसतात.

अंतर लेन्सच्या फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पट ठेवतात. तुमच्या लेन्ससाठी ते सव्वा ते अडीच मीटर येते, आणि तुम्ही दीड मीटरवरून काम करत असल्यामुळे दीड ते दोन मीटर योग्य. कॅमेरा ट्रायपॉडवर, टायमर दोन सेकंदांचा, अ‍ॅपर्चर एफ १.८. प्रकाश दिवसाचाच हवा. एकदा मी रात्री पिवळ्या बल्बखाली जुळणी करून अधिक ६ हा आकडा ठरवला होता आणि दुसऱ्या दिवशी अंगणात काढलेल्या प्रत्येक चेहऱ्याचा फोकस मागे गेला. प्रकाशाचा रंग बदलला की फोकस मोजणाऱ्या सेन्सरचा अंदाजही काही कॅमेऱ्यांत थोडा सरकतो, म्हणून ज्या प्रकाशात नेहमी फोटो काढता, त्याच प्रकाशात चाचणी घ्या.

आता व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो घ्या. प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग फिरवून एकदा अनंतावर आणि एकदा अगदी जवळ न्या, म्हणजे लेन्सला दर वेळी नव्याने फोकस शोधावा लागेल. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहून, तितकेच फोटो घ्या. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर उचललेला असतो आणि चित्राच्या सेन्सरवरूनच फोकस ठरतो, त्यामुळे हे फोटो तुमची कसोटी होत.

सगळे फोटो संगणकावर शंभर टक्के मोठे करून पाहा. देवनागरी मजकूर यासाठी फार उपयोगी पडतो : शिरोरेषेची कड आणि अनुस्वाराचा ठिपका पाहिला की फोकस बसला की नाही हे लगेच कळते. अक्षरांच्या कडांवरचा रंगही बोलतो. वेगवान, म्हणजे मोठ्या छिद्राची लेन्स पूर्ण उघडी असताना फोकसच्या पुढे असलेल्या काळ्या अक्षरांना जांभळट आणि मागे असलेल्या अक्षरांना हिरवट किनार येते. पानावरची अक्षरे जांभळट दिसली, तर पान फोकसच्या पुढे राहिले, म्हणजेच फोकस मागे गेला. किती मागे, ते पट्टी सांगते. ४५ अंशांतल्या पट्टीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्ष खोलीत सात मिलिमीटर.

व्ह्यूफाइंडरचे दहाही फोटो लाइव्ह व्ह्यूपेक्षा सारख्याच अंतराने मागे गेलेले असतील, तर फाइन-ट्यून तुमच्याचसाठी आहे. पण त्यातले चार पुढे, तीन मागे आणि तीन बरोबर असतील, तर कोणताही आकडा उपयोगी पडणार नाही. आकडा फक्त ठरावीक चूक सरकवतो, विखुरलेली चूक गोळा करू शकत नाही. तशा वेळी प्रकाश वाढवावा, ठळक रेषांच्या जागी फोकस धरावा, आणि तरीही फरक पडला नाही तर कॅमेरा व लेन्स दोन्ही सेवा केंद्रात दाखवावी.

निकॉनमध्ये ही सोय सेटअप मेनूत एएफ फाइन-ट्यून या नावाने असते, कॅननमध्ये तिला एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट म्हणतात, आणि दोन्हींत आकडा उणे २० ते अधिक २० असतो. उणे केले की फोकस कॅमेऱ्याकडे येतो, अधिक केले की दूर जातो. तुमचा फोकस मागे जात असल्यामुळे उणे ५ पासून सुरुवात करा, पुन्हा दहा फोटो घ्या, गरज पडल्यास उणे १० करून पाहा आणि त्या दोहोंमधला योग्य आकडा शोधा. निकॉनमध्ये आकडा त्या लेन्सच्या नावावर जतन करा, डिफॉल्टला हात लावू नका, कारण तो जतन न केलेल्या बाकी सर्व लेन्सना लागू होतो. कॅननमध्येही सर्वांना सारखा बदल हा पर्याय सोडून लेन्सनुसार बदल हाच निवडा. उणे २० लाही फोकस मागेच राहिला, तर ते काम सेवा केंद्राचे.

शेवटी तीन-चार मीटरवरून एखाद्या माणसाचे फोटो काढून आकडा पडताळा, कारण एका अंतरावर बसलेला आकडा सगळ्या अंतरांवर तितकाच नेमका बसतो असे नाही. शिवाय काही वेगवान लेन्समध्ये अ‍ॅपर्चर लहान केल्यावर फोकसचे प्रतल थोडे सरकते. तुम्ही बहुतेक फोटो एफ २.८ ला काढणार असाल, तर जुळणीही एफ २.८ लाच करा.

प्रश्न : माझ्या कॅमेऱ्यात फाइन-ट्यूनचा मेनूच सापडत नाही. मी काय करावे? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुम्ही मॉडेल कळवलेले नाही, पण निकॉन डी३५०० व डी५६०० किंवा कॅनन १५००डी यांसारख्या सुरुवातीच्या श्रेणीत ही सोय दिलेली नाही, निकॉन डी७००० मालिकेत आणि कॅनन ७०डी, ८०डी, ९०डी यांत ती आहे. सोय नसली, तरी स्थिर बसलेल्या माणसाचा फोटो लाइव्ह व्ह्यूमध्ये निर्धास्त काढता येतो. अ‍ॅपर्चर एफ २.८ केले, तर दीड मीटरवर ५० मिमीला स्पष्ट भाग सुमारे दहा सेंटिमीटर होतो आणि छोटी चूक त्यात सामावते. लेन्स सिग्माच्या नव्या मालिकांमधली असेल, तर यूएसबी डॉक नावाचे उपकरण लावून लेन्समध्येच, तेही चार वेगवेगळ्या अंतरांसाठी, दुरुस्ती करता येते. सेवा केंद्रात जाणार असाल, तर लेन्स एकटी देऊ नका. कॅमेरा आणि लेन्स एकत्र द्या, सोबत लाइव्ह व्ह्यू व व्ह्यूफाइंडरचे नमुना फोटोही द्या, म्हणजे तंत्रज्ञाला चूक शोधत बसावे लागणार नाही.

प्रश्न : मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा घेतला तर ही कटकट संपेल का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : वर सांगितलेली दोन वाटांची अडचण संपेल, कारण मिररलेसमध्ये फोकस चित्राच्या सेन्सरवरच मोजला जातो. डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल, तर कॅमेरा वळवण्याची गरजही उरत नाही. माणूस हलणे, शटरचा वेग कमी पडणे आणि चष्म्याच्या काचेवर किंवा पुढे आलेल्या बटेवर फोकस अडकणे, हे मात्र तिथेही होतेच. घरी आधीपासून डीएसएलआर असेल, तर केवळ या एका कारणासाठी नवा कॅमेरा घेण्याआधी एक सकाळ वर्तमानपत्र आणि पट्टी घेऊन बसावे, असे माझे मत आहे.