लग्न ठरलं, तरी वधू-वर मंडळाच्या साइटवर माझा फोटो आणि पत्रिका आहे. कायद्याने काढायला लावता येईल का?

हो, येईल. फक्त कायद्याचा पुरता जोर मे २०२७ पासून मिळेल. अर्ज मात्र आजच टाका.

आमच्याकडे इंदूरला हेच झालं. मुलीचं लग्न होऊन वर्ष उलटलं, तरी रामबागेतल्या घरी 'स्थळासाठी बोलायचं होतं' म्हणून फोन. एकदा तर जावईबापूंनीच उचलला! साइटवर उंची, गोत्र, पगार, सगळं जसंच्या तसं. मंडळातले काका म्हणाले, "अहो, राहू द्या की, काय खायला मागतंय का ते?"

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे, आपण संमतीने दिलेली माहिती पुसायला सांगता येते. कलम ८ त्याहून कामाचं: संमती मागे घेतली किंवा काम संपलं की मंडळाने पुसायचीच, आणि साइट ज्याला चालवायला दिली असेल त्याच्याकडूनही पुसवून घ्यायची. दुसऱ्या एखाद्या कायद्याने ठेवावं लागतं तेवढं राहतं. फीची पावती हिशेबात राहिली तर त्यावरून भांडू नका. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ही कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. मग तक्रार आधी मंडळाकडेच करायची, त्यांना जास्तीत जास्त ९० दिवस. तरी दाद नाही लागली तर डेटा संरक्षण बोर्ड.

मेलमध्ये एक वाक्य नेमकं लिहा: 'संमती मागे घेत आहे, प्रोफाइल लपवू नका, पुसा. फोटो, पत्रिका, आधारची स्कॅन प्रतसुद्धा.' मंडळातल्या त्याच काकांनी आधी नुसतं 'लग्न ठरले'चं बटण दाबलं होतं. त्याने प्रोफाइल यादीतून गेलं, फोटोची जुनी लिंक मात्र उघडत होती. फोनवर बोलणं झालं तरी मेल कराच, तारीख राहते.

आता कायदा जिथे पोचत नाही ते. मेळाव्याची छापील परिचय पुस्तिका यात येत नाही, कायदा डिजिटल माहितीचा आहे. तिचीच पीडीएफ मंडळाने साइटवर टाकली असेल तर येते. आणि एखाद्या मावशीने घरच्या ग्रुपवर तुमचा बायोडाटा पुढे ढकलला, तर ते घरगुती काम म्हणून सुटतं. तिथे गोडीगुलाबीच चालते. आमच्या नात्यातल्या एका मावशींकडे चहाला गेलो, तेव्हा पुस्तिका टीपॉयवरच होती. त्यांच्यादेखत पेनाने नंबर खोडून आलो.