स्टिअरिंग हातात आलं की डोकं फिरतं

"एरवी माझा आवाजही चढत नाही. गाडीत बसलो की मात्र डोकं फिरतं. असं का होतं?" हा प्रश्न घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी, 'कट' मारून गेलेल्या मोटारसायकलवाल्याचा पाठलाग करून त्याला गाडी आडवी घातली होती. मागच्या सीटवर त्यांची मुलगी होती. ती आता त्यांच्यासोबत गाडीत बसायला तयार नव्हती.

त्यांना एक वही ठेवायला सांगितली. राग आला की गाडी उभी केल्यावर चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता निघालो, निघण्याआधी काय घडलं, समोरच्याने काय केलं आणि त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं. वही भरत गेली तसं दिसलं, की बहुतेक वेळा ते उशिरा निघालेले असत. आणि मनातली वाक्यं ठरलेली होती: "मुद्दाम करतोय", "याला धडा शिकवायलाच हवा".

खरी मेख याच वाक्यांत असते. आपण घाईत मध्ये घुसलो तर आपलं कारण आपल्याला ठाऊक असतं. दुसऱ्याचा चेहराही दिसत नाही, मग त्याचा हेतू आपणच ठरवून टाकतो. "त्याला दवाखान्यात जायचं असेल" अशी समजूत घालायचा सल्ला अनेकदा दिला जातो, पण संतापलेल्या माणसाला ते पटत नाही. या गृहस्थांनी साधं वाक्य निवडलं: "चूक त्याची. अंतर मी ठेवणार."

अंतर म्हणजे किमान तीन सेकंद. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचल्यावर आपल्याला तिथे पोचायला तेवढा वेळ लागला पाहिजे. ताशी ६० किलोमीटर वेगाला हे सुमारे ५० मीटर होतात. "मग कुणीतरी मध्ये घुसतंच," ते म्हणाले. घुसतं, खरंय. वेग किंचित कमी करून पुन्हा अंतर ठेवायचं. त्यात दोन-तीन सेकंद जातात. त्यांच्यासोबत हिशेब मांडला: २० किलोमीटरला सरासरी ५०च्या वेगाने २४ मिनिटं लागतात, ६०ने २०. एवढी जिवावरची धडपड चार मिनिटांसाठी! त्यापेक्षा पंधरा मिनिटं आधी निघणं कितीतरी सोपं.

राग चढताना आधी शरीर सांगतं: जबडा आवळतो, खांदे वर जातात, स्टिअरिंगवरची पकड घट्ट होते. तेव्हा हात स्टिअरिंगवरच ठेवून पकड सैल करायची. चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा, नजर रस्त्यावर. याचा सराव आधी घरी, मग उभ्या गाडीत करावा लागतो. ऐन भडक्यात पहिल्यांदा करून पाहिलं तर जमत नाही आणि माणूस हा उपायच सोडून देतो. ओरडून किंवा हॉर्न दाबून राग 'मोकळा' होतो हा समज मात्र चुकीचा आहे. त्याने तो धुमसतच राहतो.

समोरचाच भडकला असेल तर नजरेला नजर देऊ नका, हातवारे नकोत. काचा वर, दारं लॉक, त्याला पुढे जाऊ द्या. तो मागे लागला तर घरी जाऊ नका. वर्दळीच्या ठिकाणी किंवा पोलीस ठाण्यात गाडी न्या, खाली उतरू नका.

झोप झालेली नसेल किंवा नुकतंच कडाक्याचं भांडण झालं असेल, तर त्या दिवशी किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. आणि हाच राग घरातही हात उगारण्यापर्यंत जात असेल, तर गाडीपुरते उपाय पुरत नाहीत. तज्ज्ञांना लवकर भेटा.