मोठे ट्रक अरुंद घाटात शिरून अडकतात. चालक गुगल मॅपवर इतका का विसंबतो? त्याला डोळे नाहीत का?

तुमचा प्रश्न रागातून आलाय आणि तो राग मला समजतो. घाटात ट्रेलर आडवा झाला की एसटीतली माणसं, रुग्णवाहिका, दुधाच्या गाड्या सगळं तासन् तास ठप्प होतं. चालकाला डोळे नाहीत का, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात मालवाहतुकीच्या धंद्यात आहे, कोकण आणि गोव्याकडे गाड्या लावतो. माझं स्पष्ट मत आहे की ती गाडी घाटात अडकायच्या कितीतरी आधी, माल भरतानाच चूक झालेली असते.

गुगल मॅपमध्ये कार निवडता येते, दुचाकी निवडता येते, ट्रक निवडता येत नाही. गाडी किती लांब, किती उंच, वजन किती, हे तो विचारतच नाही. दोन आसांच्या ट्रकला मालासकट साडेअठरा टनांची परवानगी आहे, मोठ्या ट्रेलरला ५५ टनांपर्यंत. या दोघांना आणि एका छोट्या कारला तो एकच रस्ता दाखवतो, आणि वेळही कारचीच सांगतो.

गगनबावड्याचं उदाहरण घ्या. तिथून कोकणात उतरायला दोन घाट फुटतात. करूळ घाट वैभववाडीकडे जातो, भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला. कारने खारेपाटण, राजापूर गाठायचं तर भुईबावडा सोयीचा, म्हणून नकाशा तिकडे वळवू शकतो. पण तो घाट अरुंद आहे आणि वळणं तीव्र आहेत. चाळीस फुटी कंटेनरचा नुसता डबाच बारा मीटरच्या वर, शिवाय पुढे ओढणारी गाडी वेगळी. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, ती आतल्या बाजूने रस्ता कापतात. त्यामुळे चालकाला आधी पूर्ण बाहेर जाऊन मग वळावं लागतं, म्हणजे समोरच्याचीही बाजू घ्यावी लागते. तेवढ्यात खालून एक जीप वर आली की दोघंही अडकले. मागे वाहनांची रांग लागलेली असते, त्यामुळे ट्रेलर मागे घेता येत नाही. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला दरी.

कारवाला चुकला तर पुढे कुठेतरी वळून येतो. ट्रेलरला वळायला मैदान लागतं. चुकलेल्या फाट्यानंतर नकाशा लगेच नवीन रस्ता काढून देतो तेव्हा खरा धोका सुरू होतो, कारण तो नवा रस्ता हमखास एखाद्या वाडीतून जातो. तिथे खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा असतात, झाडाच्या फांद्या असतात, रेल्वेखालचा ठेंगणा भुयारी मार्ग असतो, ओढ्यावरचा जुना फरशी पूल असतो. यातलं काहीच त्या निळ्या रेषेत दिसत नाही.

आणि ऋतू बदलला की रस्ताही बदलतो. भोर-महाड मार्गावरचा वरंधा घाट पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने वरचेवर बंद होतो. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात नकाशा बघत निघालेली कार रात्री पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. ती तर कार होती.

आता चालक विसंबतो का, ते सांगतो. तो राजस्थानचा असतो, उत्तर प्रदेशचा, तमिळनाडूचा. ज्याच्याकडे माल उतरवायचा तो व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवतो आणि फोन ठेवतो. कुठल्या घाटाने ये, हे कोणी सांगत नाही. पूर्वी गाडीवर क्लिनर असायचा. तो खाली उतरून पुढचं वळण बघून यायचा, मागे उभा राहून गाडी रिव्हर्स घ्यायला लावायचा, टपरीवर चौकशी करायचा. भाड्यात परवडत नाही म्हणून आता बऱ्याच गाड्यांवर एकटा चालक असतो. रात्री दोन वाजता, अनोळखी भाषेच्या मुलखात, त्याच्याशी बोलणारं एकच असतं, तो मोबाईल. त्याला मूर्ख म्हणू नका.

‘अवजड वाहनांस बंदी’ची पाटी घाटाच्या तोंडाशी लावण्याची पद्धतही मला मान्य नाही. तिथे पोचलेला ट्रेलर वळूच शकत नाही. पाटी अलीकडच्या मोठ्या चौकात हवी, जिथून दुसरा रस्ता धरता येतो, आणि हिंदीतही हवी.

आमच्याकडे गाडी सुटण्यापूर्वी मार्ग तोंडी ठरतो. फोंडा घाटाने जायचं की आंबा घाटाने, हे त्याच आठवड्यात तिकडून आलेल्या चालकाला विचारून ठरवतो. मग मॅपमध्ये थेट शेवटचा पत्ता न टाकता मधली गावं थांबे म्हणून टाकायला लावतो, म्हणजे रेषा आम्हाला हव्या त्या घाटानेच जाते. राष्ट्रीय महामार्ग सोडायचा तो फक्त माल घेणाऱ्याला फोन करून. एसटी जाते का, हा जुना प्रश्न अजून उपयोगी आहे, पण एसटी जाते म्हणून ट्रेलर जाईलच असं नाही; तुमच्या गावात याआधी कंटेनर आला होता का, असं विचारावं. ट्रकची उंची-वजन टाकून रस्ता देणारी सायजिकसारखी ॲपही आहेत. पण ज्या पुलाच्या वजनमर्यादेची नोंदच कुणी केलेली नाही, तिथे तीही निरुपयोगी ठरतात.

तुम्ही स्वतः माल मागवत असाल तर लोकेशनसोबत एक ओळ जरूर लिहा: कुठल्या घाटाने यायचं, कुठला फाटा टाळायचा, आणि मोठी गाडी कुठे वळेल. गावात येणारच नसेल तर माल छोट्या टेम्पोत कुठे बदली करायचा तेही आधीच कळवा.