टोकन द्यायच्या आधी हे वाच

भाऊ, तुझा मेसेज वाचला. डिग्री हातात आली, नोकरी लागली अन् लगेच जळगावबाहेर प्लॉट घ्यायचं डोक्यात आलं, चांगलंच आहे, गाडीचा हप्ता भरण्यापेक्षा बरं. पण तो एजंट म्हणतोय ना की हायवे टच आहे, दोन वर्षात डबल होईल, ते त्याच्याजवळच राहू दे. आपल्याकडे हायवेच्या नावावर काय काय विकलं जातं भो!

पहिले सातबारा काढ, डिजिटल सहीचा ऑनलाईन 15 रुपयात मिळतो. लोक नुसतं मालकाचं नाव बघून खूश होतात, तू 'इतर हक्क' वाच, सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा तिथंच असतो. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन, असं लिहिलेलं दिसलं तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही, पहिल्याच खरेदीत त्या भानगडीत पडूच नको.

मग जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी. म्हातारा वारला, वारस लागले, त्यात पोरींची नावं आहेत का ते बघायचं. वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना मुलाएवढाच हक्क आहे, अन् इथं मोठा भाऊ म्हणतो बहिणींचं काही म्हणणं नाही, त्यांनी सोडलंय. सोडलंय तर नोंदवलेलं हक्कसोड पत्र दाखव म्हणायचं. नाहीतर तू कंपाउंड घालशील अन् सुरतला दिलेल्या बहिणीची नोटीस घरी येईल. तोंडी सोडलं याला काही अर्थ नाही.

शेतातले दोन गुंठे नोटरीवर कोणी देत असेल तर चहा पिऊन निघून ये. नोटरीने मालकी होत नाही, आणि तू शेतकरी खातेदार नसशील तर शेतजमीन तुला घेताच येत नाही. एनए (बिगरशेती) ऑर्डर अन् मंजूर लेआउट, म्हणजे प्लॉट पाडल्याचा नकाशा, मागायचा, लेआउट 500 चौरस मीटरच्या वरचा असेल तर महारेरा (बांधकाम-प्लॉट प्रकल्पांची सरकारी नोंदणी) नंबरपण. विचारायला लाजतोस कशाला, पैसे तुझे आहेत.

पैशाचं थोडक्यात. 15 लाखाचा प्लॉट म्हणजे 15 लाख नाही, शहर हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के अन् नोंदणी 1 टक्का धर, लाखाच्या वर तिथंच गेले, वकिलाकडून 30 वर्षांच्या जुन्या नोंदी तपासून घ्यायचा सर्च वेगळा. आणि प्लॉट भाडं देत नाही, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. मला विचारशील तर बांभोरीकडे, विद्यापीठाच्या बाजूला, पोरं भाड्याने राहतील असा जुना छोटा फ्लॅटपण बघून ठेव.

आता गट नंबर पाठव. मी बघेपर्यंत टोकन देऊ नको, तो कितीही म्हणो की उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय.