नवीन नोकरी, प्रोबेशन आणि बाळ: थांबायचं का?

तुम्ही विचारलंय, खासगी शाळेत लागून आठ महिने झाले, कायम होईपर्यंत बाळाचा विचार लांबवू का? माझं मत, फक्त त्यासाठी नका लांबवू.

प्रसूती रजेचा हक्क कायम होण्यावर अवलंबून नाही. केंद्राच्या कायद्यात अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरतं. पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीआधी. रजेवर असताना काढून टाकणं बेकायदेशीर.

पण कागद एकीकडे, स्टाफरूम दुसरीकडे. मी प्रोबेशनवर असताना पाचव्या महिन्यात सांगितलं, तर आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मॅडम, दहावीचे वर्ग कोण घेईल?" मी तोंडी रजा मागितली होती, ही चूक. अर्ज लेखी द्या, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारूनच घरी या. माझं तेवढ्यावरच निभावलं.

महिना साधायचा तर प्रसूती मेमध्ये आली की सुट्टीही रजेतच जाते. शिवाय नागपूरचा मे, पारा ४५ च्या वर अन् भरले दिवस! मला कूलरसमोरून उठवत नव्हतं. नोव्हेंबर-डिसेंबर बरा, २६ आठवडे उन्हाळी सुट्टीला जाऊन भिडतात आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटीच उघडतात. अर्थात, ठरवलेल्या महिन्यात दिवस राहतीलच असं नाही.

आणि हो, नेमणूकपत्र आहे ना हातात? नसेल तर आधी ते मागा.