चाळिशीच्या उंबरठ्यावरचे होमरन: संशय कधी घ्यावा?

प्रश्न: अमेरिकी बेसबॉलपटू बॅरी बाँड्स यांनी 2001 च्या मोसमात 73 होमरन (कुंपणापलीकडे जाणारे फटके) मारले. त्याच मोसमात त्यांना 37 वर्षं पूर्ण झाली, आणि त्याआधीचा त्यांचा सर्वोच्च आकडा होता 49. स्टेरॉइडशिवाय हे शक्य आहे का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटणं रास्त आहे. बेसबॉलचा फलंदाज साधारण तिशीच्या आत-बाहेर ऐन भरात असतो. पस्तिशीनंतर चेंडू दिसतो, पण बॅट वेळेत पोचत नाही. त्यात सहा महिन्यांत 162 सामने. स्टेरॉइडचा खरा उपयोग इथे होतो: स्नायू वाढतात, शिवाय कालचा थकवा लवकर भरून निघतो. बॅटवरून सुटताना चेंडूचा वेग ताशी एका मैलानं वाढला, तर तो सुमारे 5 फूट लांब जातो. कुंपणापाशी झेलला जाणारा चेंडू तेवढ्यानं प्रेक्षकांत पडतो. नजर किंवा टायमिंग मात्र औषधानं येत नाही. आणि स्नायू ज्या वेगानं फुगतात त्या वेगानं त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे बळकट होत नाहीत, म्हणून ते फाटतात.

तरीही नुसत्या वयावरून आणि आकड्यावरून कुणाला दोषी धरू नका. हँक एरन यांनी 1973 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी, फक्त 120 सामन्यांत 40 होमरन मारले. अटलांटाचं ते मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर होतं आणि तिथे चेंडू लांब जाई. शिवाय पिचर (चेंडू फेकणारा) ज्या उंचवट्यावर उभा राहतो, तो 1969 मध्ये 15 इंचांवरून 10 इंचांवर आणला होता, म्हणजे फलंदाजाचं काम सोपं झालं होतं. म्हणून आधी तीन गोष्टी बघा: घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवरचे आकडे वेगवेगळे काढा, खेळाडूला विश्रांती किती मिळाली ते पाहा, आणि त्या वर्षी सगळ्या लीगचेच होमरन वाढले का हे तपासा. 2019 मध्ये एकूण 6,776 झाले, तो विक्रम होता आणि चेंडू हवेत कमी अडत होता हे त्याचं एक मोठं कारण.

बाँड्स यांच्यावरचा संशय आकड्यांपुरता नाही. 2003 मध्ये खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या बाल्को या प्रयोगशाळेवर छापा पडला, त्या प्रकरणात त्यांचं नाव आलं. स्टेरॉइड जाणूनबुजून घेतल्याचं त्यांनी कायम नाकारलं. न्यायात अडथळा आणल्याची 2011 ची शिक्षा 2015 मध्ये रद्द झाली. हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधल्या मोठ्या सन्मानासाठी 75 टक्के मतं लागतात. 2022 मध्ये, क्रीडा पत्रकारांच्या मतदानातल्या शेवटच्या संधीत, त्यांना 66 टक्के मिळाली.

प्रश्न: चाचणी होते, मग पकडले कसे जात नाहीत?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: लघवीत टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक; ही स्टेरॉइड त्याचीच रूपं) आणि एपिटेस्टोस्टेरॉन (शरीरातच बनणारं त्याचं ताकद न वाढवणारं भावंड) यांचं प्रमाण मोजतात. बहुतेकांत ते 1:1 च्या आसपास असतं. ऑलिंपिक खेळांत 4:1 च्या वर गेलं की पुढची तपासणी होते. बाल्कोच्या मलमात म्हणूनच दोन्ही मिसळलेले होते. एक वाढलं की दुसरंही वाढायचं आणि प्रमाण हलायचं नाही. काहींच्या शरीरात तर टेस्टोस्टेरॉन लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करणारं एक जनुकच नसतं. अशा माणसानं औषध घेतलं तरी प्रमाण खालीच राहतं.

यावर कार्बनची तपासणी लागू पडते. कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनतं आणि त्यातला कार्बन-13 (कार्बनचा किंचित जड प्रकार) शरीरातल्यापेक्षा कमी भरतो. ही तपासणी महाग आहे, पण फसवायला अवघड.

प्रश्न: वयानं टेस्टोस्टेरॉन घटतं. मग डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलं तर?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: नुसती चिठ्ठी चालत नाही, आधी उपचारासाठी औषध घेण्याची सवलत मंजूर करून घ्यावी लागते. पेच असा की स्टेरॉइड घेणाऱ्याचं शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं. औषध सोडल्यावर रक्ततपासणीत ते खरंच कमी दिसतं. मग शरीरातली निर्मिती पुन्हा सुरू करायला एचसीजी हे संप्रेरक वापरतात, आणि म्हणूनच तेही बंदीच्या यादीत आहे. बेसबॉलपटू मॅनी रमिरेझ यांना मे 2009 मध्ये त्याच कारणानं 50 सामन्यांची बंदी झाली. तेव्हा ते 36 वर्षांचे होते.